शेरा

अमळनेरच्या माती-परीक्षण केंद्रातून पेन ड्राइव्हवर
अकराशे चाळीस शेतं आली.
एक ओळ म्हणजे एक शेत,
आणि ओळीत स्वल्पविरामांचे बांध:
नाव, गाव, गट, शेरा, सामू, नत्र, स्फुरद, पालाश.

मी साचा एकदाच जुळवायचा.
जिथे नाव हवं तिथे नावापुरती हाक लिहून ठेवायची;
प्रोग्रॅम ओळ वाचतो, हाकेला ओ देतो, पान उलटतो.
चहा निवायच्या आत अकराशे चाळीस पत्रिका.

असं वाटलं होतं.

आधी नावंच उमटेनात.
चौकोन, चौकोन, मध्येच एक पोरकी वेलांटी,
कुणाच्या काळातला फॉन्ट कुणास ठाऊक.
ते निस्तरलं तर गट नंबरांच्या तारखा झालेल्या.
हिलाल दगा बोरसे यांची तीन बटे दोन ही जमीन
कुठल्याशा कॉम्प्युटरने परस्पर
तीन फेब्रुवारी करून टाकलेली,
तलाठ्यालाही जमलं नसतं इतक्या गुपचूप.
दुपारभर मी तारखांची पुन्हा जमीन केली.

मग तीनशे सतरावी पत्रिका.
वैंजाबाई लोटन पाटील.
सामूच्या चौकटीत छापलेलं: आते नई.
सामूचे आठ पूर्णांक दोन सरकून नत्रात,
नत्र स्फुरदात, स्फुरद पालाशात,
आणि पालाश, चारशे बारा किलो,
कागदाच्या काठावरून कुठेतरी खाली.

फाइल उघडून ओळ पाहिली.
शेऱ्यात लिहिलं होतं:
आठे निंबनं झाड व्हतं, आते नई.

पत्रिकेवर शेऱ्याला जागा नाही.
साचा त्याला हाक मारत नाही,
तो फाइलीत असतो, नुसता असतो.
नमुने गोळा करणाऱ्या गोरखला फोन लावला.
तो म्हणाला, ताई, म्हातारी सांगत होती, मी लिहिलं.
रकाना रिकामाच होता ना.
मागे कुठेतरी पंप चालू होता, पुढचं ऐकू आलं नाही.

एक स्वल्पविराम पुसायचा, संपलं असतं.
पुसून वाचलं:
आठे निंबनं झाड व्हतं आते नई.
वाक्य धापा टाकायला लागलं.
झाड तुटायला मध्ये काही वेळच उरला नाही.
परत टाकला.
आणि आख्ख्या वाक्याला दोन्हीकडून
अवतरणचिन्हं लावली, चिमटीत धरल्यासारखी.
त्यांच्या आत स्वल्पविराम बांध नसतो,
माणसाने घेतलेला दम असतो,
आणि यंत्र तो ओलांडत नाही, मोजत नाही.
चारशे बारा किलो पालाश आपल्या चौकटीत परतलं.

इथे काम संपत होतं.
पण मी साच्यात एक अट वाढवली:
शेरा रिकामा नसेल, तर तळाला, आठ पॉइंटात.
सव्वीस शेतं बोलकी निघाली.
पाणी खारं लागतं.
बांध चुलतभावाने नांगरला.
कुत्रं सोडलेलं असतं.
एकात फक्त: मालक झोपलेले.

साडेपाचला केंद्रातून चौधरी साहेबांचा फोन.
नमुना पत्रिका पाहिली म्हणाले,
तळाची ती ओळ मंजूर नमुन्यात नाही, काढा.
मी म्हटलं, साहेब, छापून झालं सगळं.

झालं नव्हतं.
प्रिंटर दोनशे चारवर होता.
मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.